दोनपैकी एक क्लस्टर स्विच गेला; बदली स्विच चालू क्लस्टरला कसा जोडावा?

कॅबिनेट६ विचारते:

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे सहा नोडचं (सहा सर्व्हरचं) सेफ क्लस्टर आहे, म्हणजे सगळ्यांत मिळून डेटा साठवणारी यंत्रणा. प्रत्येक नोडला २५ गिगाबिटचे दोन पोर्ट. एक स्विच अ ला, दुसरा स्विच ब ला. लिनक्सचं बाँडिंग (दोन पोर्ट मिळून एक) अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप मोडमध्ये, म्हणजे एका वेळी एकच पोर्ट चालतो; प्रायमरी (पसंतीचा पोर्ट) अ कडचा. एमएलएजी (दोन स्विच नोडला एकच असल्यासारखे दिसणं) वगैरे नाही, दोन्ही स्विच स्वतंत्र आहेत आणि मध्ये १०० गिगाबिटच्या दोन केबलची आयएसएल (स्विच ते स्विच जोडणी) आहे. डेटाच्या तीन प्रती, मिन-साइझ २ (त्यापेक्षा कमी प्रती उरल्या की लिहिणं-वाचणं थांबतं), मॉनिटर (क्लस्टरची स्थिती सांभाळणारे) नोड १, २ आणि ३ वर. एमटीयू (एका फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या एका पाकिटात, मावणारे जास्तीत जास्त बाइट) सगळीकडे ९,००० आहे असं मी धरून चालले आहे.

परवा रात्री स्विच ब गेला. दोन्ही पॉवर सप्लायचे दिवे हिरवे, पंखे पूर्ण वेगाने ओरडतायत, पण कन्सोल लावून पाहिलं तर मेमरी तपासणीच्या ओळीपर्यंत येतो, थांबतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. पॉवर केबल बदलून पाहिल्या, अर्धा तास बंद ठेवून पाहिला. मदरबोर्डच गेला आहे, यात मला आता शंका नाही.

क्लस्टरला काहीच झालं नाही. एकही ओएसडी (डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम) डाउन झाला नाही, वापरणाऱ्यांना कळलंसुद्धा नाही. बदली स्विच आज आला, मॉडेल तेच. वरिष्ठांचं म्हणणं, "रिडंडंट आहे ना सगळं? मग दिवसाउजेडी लाव, दहा मिनिटांचं काम आहे." मला ते दहा मिनिटांचं वाटत नाही. पण का वाटत नाही ते त्यांना पटेल असं सांगताही येत नाही.

माझ्या शंका अशा. ब च्या कॉन्फिगचा बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा आहे. मधल्या काळात काय काय बदललं ते नक्की आठवत नाही. नवा स्विच अ पेक्षा नव्या आवृत्तीची ओएस घेऊन आला आहे, मग अ ला वर न्यायचं की याला खाली आणायचं? आधी सगळ्या केबल लावून मग पॉवर द्यायची, की उलट? आणि क्लस्टरवर नो-आउट (डाउन झालेला ओएसडी बाहेर धरू नको, ही खूण) लावून ठेवायचं का, की त्याची गरज नाही?

अजून एक. या गडबडीत मी अ चे पोर्ट काउंटर पाहिले. नोड ४ च्या पोर्टवर सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या फ्रेम) आहेत. सकाळी २१२ होत्या, आता २६७ आहेत. बाकी पाचही पोर्टवर शून्य. हे किती दिवसांपासून चाललंय माहीत नाही, कारण मी बघितलंच नव्हतं. आणि आता नोड ४ ला तेवढी एकच वाट उरली आहे.

---

तारजोडणी:

बाकीचं जाणकार सांगतीलच. मी रॅकमध्ये हात घालणारा माणूस, तिथलं सांगतो.

खोका उघडल्यावर सगळ्यात आधी पंख्यांची दिशा बघा. एकच मॉडेल दोन प्रकारात येतं: एकात हवा पोर्टच्या बाजूने आत जाते, दुसऱ्यात पोर्टच्या बाजूने बाहेर येते. पंखे आणि पॉवर सप्लाय यांच्या मुठीच्या रंगावरून फरक कळतो. उलटा लागला तर तो गरम गल्लीची (यंत्रं गरम हवा सोडतात त्या बाजूची) हवा ओढत बसेल. लगेच काही होणार नाही, आठवड्याभराने तापमानाचे अलार्म यायला लागतील आणि तोपर्यंत हे कोणाच्या डोक्यातही नसेल.

दुसरं, मेलेल्या स्विचमधून एकही केबल काढण्याआधी फोटो काढा. समोरून एक, दोन्ही बाजूंनी तिरका एकेक. मग प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना पोर्ट क्रमांकाची चिठ्ठी. "जुनी लेबलं आहेत की" असं म्हणू नका. मी आजवर पाहिलेल्या रॅकमध्ये जुन्या लेबलांपैकी एखादं तरी खोटं निघालेलंच आहे.

---

जुनाकन्सोल:

ताई, तुमची धास्ती बरोबर आहे, आणि तिचं कारण वरिष्ठांना एका वाक्यात सांगता येईल: मेलेला स्विच कोणाला त्रास देत नाही, अर्धवट जिवंत स्विच देतो. ब पूर्ण मेला तेव्हा नोडना लिंक गेलेली स्वच्छ दिसली. सगळे अ वर होतेच, तिथेच राहिले. आता तुम्ही नवा स्विच लावाल तेव्हा असा एक काळ येणार आहे की लिंकचा दिवा हिरवा असेल, नोडला वाटेल वाट मोकळी झाली, आणि स्विच मात्र अजून एकही फ्रेम पुढे पाठवत नसेल. या कामातली सगळी काळजी त्या काळासाठी घ्यायची आहे.

मी हे एकदा भोगलं आहे. आठ नोडचं क्लस्टर होतं, तुमच्यासारखंच, फक्त ताण वाटावा म्हणून चार नोडचा प्रायमरी अ वर आणि चार नोडचा ब वर ठेवलेला. ब बदलला, कॉन्फिग चढवला, केबल सगळ्या लावल्या आणि पॉवर दिली. मी रॅकसमोर उभा होतो. एकेक करत दिवे हिरवे झाले, आणि मला बरं वाटलं. पण त्या कॉन्फिगमध्ये नोडच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीची (स्विचमधलं चक्र टाळणाऱ्या सोयीची) एज पोर्टची, म्हणजे पलीकडे स्विच नाही हे सांगणारी, ओळ राहून गेली होती. एज नसलेला पोर्ट लिंक आल्यावर १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच वाहतूक सोडतो. बाँडला यातलं काही कळत नाही. एमआयआय तपासणी फक्त लिंक बघते. प्रायमरीची लिंक परत आली की लगेच तिकडे उडी मारायची, हे बाँडिंगचं मुळातलं वागणं, रीसिलेक्ट ही सेटिंग बदलली नसेल तर. चारही नोडनी उडी मारली ती थेट भिंतीवर.

सेफमध्ये ओएसडीच्या हार्टबीटची (जिवंत असल्याच्या खुणेची) सवलत २० सेकंदांची असते. आमचा अंधार ३० सेकंदांचा होता. विसाव्या सेकंदाला उरलेल्या चार नोडनी या चौघांचे ओएसडी मेले म्हणून कळवलं. ज्या प्लेसमेंट ग्रुपच्या (डेटाच्या गटाच्या) दोन प्रती त्या चौघांत होत्या त्या मिन-साइझच्या खाली गेल्या आणि त्यांचं लिहिणं-वाचणं थांबलं. तिसाव्या सेकंदाला पोर्ट उघडले, तर सगळे ओएसडी "मला चुकीने डाउन ठरवलं" असं लॉगमध्ये लिहीत एकदम परत आले, आणि मग त्या परत येण्याचीच गर्दी झाली. सगळं हिरवं व्हायला सात मिनिटं लागली. बिघाडाच्या दिवशी कोणाला काही कळलं नव्हतं; दुरुस्तीच्या दिवशी सगळ्यांना कळलं.

म्हणून आता मी असं करतो.

पहिला दिवस नव्या स्विचला हात लावत नाही, जिवंत स्विचकडे बघतो. आता तुमचा सगळा संसार अ वर आहे. त्याचे दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या फीडवर आहेत का? चालू कॉन्फिग आणि साठवलेला कॉन्फिग यांत फरक आहे का? कोणीतरी कधीतरी बदल करून साठवायला विसरलेलं असतं, आणि अ रीबूट झाला की तो बदल गेला. आधी साठवा, त्याची एक प्रत स्विचबाहेर ठेवा. अ ची आवृत्ती वर नेण्याचा विचार आत्ता मनातसुद्धा आणू नका. एकच स्विच उभा असताना त्याला रीबूट करायचं नाही. नव्याला अ च्या आवृत्तीवर आणा. दोघांना पुढे न्यायचं असेल तर ते वेगळं काम, दोन्ही धड असताना, वेगळ्या दिवशी.

नवा स्विच टेबलावर ठेवा. फक्त पॉवर आणि कन्सोल, नेटवर्कची एकही केबल नाही. बदली म्हणून येणारे स्विच पुष्कळदा दुरुस्त करून आलेले असतात आणि आत कोणाचा तरी जुना कॉन्फिग, जुने व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) असू शकतात. सगळं पुसा. व्हीटीपी (व्हीलॅनची यादी स्विचमध्ये आपोआप वाटणारी सोय) असलेल्या जातीचा असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं: डोमेनचं नाव जुळलं आणि नव्याचा रिव्हिजन क्रमांक मोठा असला, तर तो आपली व्हीलॅनची यादी चालू स्विचवर लादतो. त्यात तुमचा व्हीलॅन नसला की अ वरूनही तो गेला.

कॉन्फिगबद्दल. चार महिन्यांच्या जुन्या बॅकअपवर मी विसंबणार नाही, पण टाकूनही देणार नाही. अ चा आजचा कॉन्फिग पाया धरा, ब चा जुना शेजारी ठेवा आणि ओळीने ओळ ताडून बघा. काही फरक असायलाच हवेत: नाव, मॅनेजमेंट पत्ता, स्पॅनिंग ट्रीची प्रायॉरिटी, पोर्टची वर्णनं. त्याखेरीज जो फरक दिसेल त्याचं कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. प्रायॉरिटी मुद्दाम बघा. दोन्हीकडे मूळची ३२७६८ राहिली असेल तर ज्याचा मॅक पत्ता लहान तो रूट (स्पॅनिंग ट्रीचा मुख्य स्विच) होतो, आणि नव्या स्विचचा मॅक लहान की मोठा हे तुमच्या हातात नाही. अ ला स्पष्ट लहान आकडा हवा. २५ गिगाबिटच्या पोर्टवर एफईसीची (वाटेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या कोडिंगची) सेटिंगही बघा. दोन टोकांना वेगवेगळी असली तर लिंक येतच नाही आणि माणूस केबल बदलत बसतो.

आणि या सगळ्यात महत्त्वाची ओळ: साठवण्याआधी सगळे पोर्ट शटडाउन करा. आयएसएलचेसुद्धा. मग साठवा, टेबलावरच एकदा रीबूट करा, आणि तो तसाच, सगळे पोर्ट बंद ठेवून उठतो हे डोळ्यांनी बघा. तुमचा केबल आधी की पॉवर आधी हा प्रश्न इथेच संपतो. पोर्ट बंद आहेत, तेव्हा कुठल्याही क्रमाने लावा, नोडला लिंक दिसणारच नाही. वाट उघडायची ती तुम्ही, कन्सोलवरून, एकेक.

रॅकमध्ये बसवला की आधी फक्त आयएसएल उघडा आणि दहा मिनिटं काही करू नका. रूट अ च आहे का, एलएलडीपीमध्ये (केबलच्या पलीकडे कोण ते सांगणाऱ्या सोयीत) समोर अ चा बरोबर तोच पोर्ट दिसतो का, आयएसएलच्या काउंटरवर एरर वाढतात का. मग एका नोडचा पोर्ट. त्या नोडवर बाँडची स्थिती वाचा: दुसरी लिंक अप झाली का, आणि सक्रिय पोर्ट अजून अ चाच आहे का. तुमच्याकडे प्रायमरी अ वर आहे म्हणून माझ्यासारखी उडी पडू नये, पण "सगळ्यांचा अ वर" हे सहाही नोडवर जाऊन वाचा, आठवणीवर ठेवू नका.

नो-आउट लावा. त्याच्याशिवाय एखादा ओएसडी ६०० सेकंद डाउन राहिला की सेफ त्याला बाहेर धरून डेटा हलवायला सुरुवात करतं, आणि भर कामात तो भार नको.

नोड ४ बद्दल वेगळं लिहितो, कारण मला वाटतं तुमच्या या कामाची किल्ली तिथेच आहे.

---

कॅबिनेट६:

तारजोडणी दादा, तुमच्यामुळे वाचले. पंख्यांच्या मुठी वेगळ्या रंगाच्या निघाल्या, हवा उलटी. मेलेल्या स्विचचे पंखे आणि पॉवर सप्लाय चांगले आहेत. दोष बोर्डात होता, म्हणून ते काढून नव्यात बसवले. टेबलावर तासभर चालवून पाहिला, आवाज आणि तापमान ठीक आहे. फोटो काढलेत. चिठ्ठ्या लावताना कळलं की नोड २ आणि नोड ५ ची जुनी लेबलं अदलाबदल झालेली होती.

जुनाकन्सोल दादा, सहाही नोडवर जाऊन पाहिलं. पाच ठिकाणी प्रायमरी अ कडचा. नोड ६ वर प्रायमरी लिहिलेलाच नाही. तो गेल्या वर्षी नंतर जोडलेला नोड आहे. ते दुरुस्त करते.

नोड ४ ची केबल आधी बदलू का? एरर आता ३०१ आहेत.

---

जुनाकन्सोल:

आत्ता बदलू नका. आज ती केबल काढली तर नोड ४ पूर्ण तुटतो. तीन प्रती आहेत, क्लस्टर ते झेलेल, पण मग एका वेळी एक स्विच आणि एक नोड असे दोन आधार गेलेले असतील, आणि तेही आपण होऊन. त्या पोर्टच्या पलीकडे नोडच आहे, दुसरा स्विच नाही, म्हणजे दोष केबलमध्ये, अ च्या त्या पोर्टमध्ये किंवा नोडच्या कार्डात. दोन दिवस पन्नास-शंभरच्या गतीने चाललं तर चालू द्या. गती वाढली तर मात्र नोड ४ चे ओएसडी रीतसर थांबवा.

उलट करा. नव्या स्विचवर पहिला नोड ४ आणा. त्यावर मॉनिटर नाही, आणि त्यालाच दुसऱ्या वाटेची सगळ्यात जास्त गरज आहे. पण रिकामी गाडी आधी फिरवून बघायची. नो-आउट लावलेलं असताना नोड ४ चे ओएसडी नीट थांबवा. मग ब चा पोर्ट उघडा, मिनिटभर जाऊ द्या, आणि बाँडचा सक्रिय पोर्ट हाताने ब वर न्या. आता नोड ४ ब वर आणि बाकी पाच अ वर. म्हणजे त्यांच्यातली प्रत्येक फ्रेम आयएसएलवरून जाणार. तुमच्या क्लस्टरमध्ये एरवी हे कधीच घडत नाही. सगळे अ वर असताना आयएसएल नुसती पडून असते, आणि पडून असलेल्या वाटेत काय दोष आहे ते कोणाला दिसत नाही.

नोड ४ वरून बाकी पाचही नोडना पिंग करा, तुकडे न करण्याची खूण लावून, ८,९७२ बाइटचा. ९,००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा, म्हणून ८,९७२. साधा पिंग करून समाधान मानू नका. तो ६४ बाइटचा असतो, कुठूनही निघून जातो. पाचही उत्तरं आली, तरच ओएसडी चालू करा.

---

दोनवाटा:

हा धागा पुढे शोधत येणाऱ्यांसाठी एक भर. एमएलएजी आणि एलएसीपी (संदेशांनी पोर्टची गाठ बांधणारी पद्धत) असेल तर वरची जोखीम थोडी कमी असते. समोरून एलएसीपीचे संदेश येऊन गाठ बसल्याशिवाय नोड तो पोर्ट वापरात घेत नाही, नुसत्या दिव्यावर फसत नाही. पण तिथे क्रम चुकवू नका: आधी दोन स्विचमधली कीपअलाइव्ह (एकमेकांना जिवंत असल्याचं कळवणारी वाट), मग पीअर-लिंक (दोघांमधली मुख्य जोडणी), ती पूर्ण जुळल्यावरच नोडचे पोर्ट. पीअर-लिंक नसताना नोडचे पोर्ट उघडले तर दोन्ही स्विच स्वतःला मुख्य समजू शकतात. नोडचे पोर्ट थोडे उशिरा उघडण्याची सेटिंग बहुतेक जातींत असते. ती मूळच्या आकड्यावर सोडू नका, स्विच मोठा असेल तर वाढवा.

एलएसीपीचा टायमरही बघा. स्लो असेल तर संदेश ३० सेकंदांनी जातात आणि वाट मेली हे ठरायला ९० सेकंद लागतात. फास्टमध्ये १ आणि ३. लिंकचा दिवा चालू राहून स्विच आतून गोठला, तर हे ९० सेकंद फार मोठे असतात.

---

कॅबिनेट६:

काम काल झालं. वरिष्ठांना "अर्धवट जिवंत स्विच" हे वाक्य ऐकवलं, त्यांनी रात्रीची वेळ दिली आणि शेवटपर्यंत स्वतः थांबले.

बसवण्यापर्यंत सगळं तुम्ही सांगितलं तसंच. कॉन्फिग ताडून पाहताना जुन्या बॅकअपमध्ये नोड ६ चा पोर्टच वेगळ्या व्हीलॅनमध्ये दिसला. तोच बॅकअप डोळे मिटून चढवला असता तर नोड ६ ला ब ची लिंक दिसली असती आणि पलीकडे कोणीच नसतं. अ ची प्रायॉरिटी ४०९६ होती, नव्याला ८१९२ दिली. आयएसएल उघडली, रूट हलला नाही, एलएलडीपी बरोबर.

मग नोड ४. ओएसडी थांबवले, पोर्ट उघडला, सक्रिय पोर्ट ब वर नेला. साधा पिंग पाचही नोडना गेला. ८,९७२ चा एकालाही गेला नाही. कमी करत गेले. १,४७२ जातो, १,४७३ जात नाही. म्हणजे मध्ये कुठेतरी १,५०० ची दारं. नव्या स्विचमध्येच चूक केली असं धरून मी त्याचा कॉन्फिग तीनदा वाचला. आयएसएलच्या पोर्टवर ९,२१६ स्पष्ट लिहिलेलं, कारण ब च्या जुन्या बॅकअपमध्ये ती ओळ होती आणि मला ती बरोबर वाटली म्हणून मी घेतली होती. मग अ बघितला. अ च्या नोडकडच्या सहाही पोर्टवर ९,२१६, आणि आयएसएलच्या गटावर काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे मूळचं १,५००.

ओळी ताडताना हा फरक मला दिसला होता. मी त्याच्यापुढे "अ मध्ये नाही, ब मध्ये आहे" असं लिहून पुढे गेले होते, कारण अ चालू आहे म्हणजे तो बरोबरच असणार असं डोक्यात होतं. तुम्ही लिहिलं होतं की कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. ते मी केलं नाही.

याचा अर्थ असा की आमची दुसरी वाट कधी धड नव्हतीच. समजा गेल्या महिन्यात एखाद्याच नोडची अ कडची केबल गेली असती, तर तो नोड ब वर गेला असता, लिंक दिसली असती, साधा पिंग चालला असता, आणि मोठा डेटा मध्येच अडकला असता. त्या रात्री ब च्या ऐवजी अ गेला असता, तर उलट सगळे ब वर गेले असते, आयएसएलचा संबंधच आला नसता, आणि हे आम्हाला तेव्हाही कळलं नसतं.

नोड ४ परत अ वर आणला, आयएसएलचे दोन्ही पोर्ट बंद केले, अ वर एमटीयू बदलला, उघडले. पुन्हा नोड ४ ब वर. ८,९७२ पाचही नोडना. मग ओएसडी चालू केले आणि अर्धा तास फक्त बघत बसलो. नंतर बाकीचे पोर्ट एकेक करून, प्रत्येकामध्ये पाच मिनिटं.

नोड ४ आता ब वर होता म्हणून त्याची अ कडची केबल निवांत काढता आली. कॅबिनेटच्या दाराच्या बिजागरीपाशी ती इतकी वाकलेली होती की प्लॅस्टिकवर पांढरी घडी पडली होती. दार उघडलं-मिटलं की दरवेळी थोडी दाबली जायची. नवी केबल दुसऱ्या बाजूने वळसा घेऊन नेली. रात्रभर त्या पोर्टवर सीआरसी शून्य.

आज सकाळी एकेका नोडला पाच मिनिटं ब वर नेऊन, मोठा पिंग करून परत आणलं. सहाही पार. दर महिन्याला हे करायचं असं नोंदवहीत लिहिलं आहे, आणि अ व ब दोन्हीचा कॉन्फिग आता रोज रात्री बाहेर उतरवला जातो.

---

जुनाकन्सोल:

फार छान केलंत, ताई. अ मधला तो एमटीयू सापडला यातच मला सगळ्यात समाधान आहे. हा फरक "अ चालू आहे" म्हणून सोडून देणं माझ्याकडूनही झालं असतं.

मॉनिटरिंगमध्ये नव्या ब चा सिरियल क्रमांक आणि एसएसएच की बदलून घ्या, नाहीतर उद्या बॅकअपचा जॉब जुन्या कीवर अडकेल. आणि नो-आउट काढलंत ना?

---

कॅबिनेट६:

की कालच अडकली होती, बदलली. सिरियल क्रमांक आत्ता भरला.

नो-आउट राहिलं होतं. तुमचं वाचून बघितलं, वॉर्निंग दिसत होती आणि आम्ही सगळे ती "कालच्या कामाची" म्हणून सोडून देत होतो. काढलं. हेल्थ ओके.